शरयूचं बोनेर

रविवार, ५ ऑक्टोबर

आज सकाळी अचलेश्वराला जातो म्हणून घरातून निघालो आणि गेलो नाही. हातात बेलाची पुडी होती. ती तशीच धरून, पोहण्याचा तलाव आहे त्या हॉटेलच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो, मधुमालतीच्या वेलाआड, चोरासारखा. नई सडकेवर चष्म्याचं दुकान चालवणारा, नातवाचा आजोबा झालेला माणूस, आणि स्वतःच्या बायकोला लपून बघतोय!

शरयू पोहत होती. समरजीत, तिला पोहायला शिकवणारा पोरगा, काठावरून ओरडत होता, "आंटीजी, सांस मत रोकिए! छोड़िए, छोड़िए!" ती पलीकडच्या काठाला लागली, पाण्यातला चष्मा कपाळावर सरकवला आणि हसली. पोरानं टाळी द्यायला हात पुढे केला. तिनं दिली.

त्या पोराचा हेवा वाटला असं नाही. तो तिच्या मुलाच्या वयाचा. हेवा त्या हसण्याचा वाटला. ते माझ्यासाठी नव्हतं, कुणासाठीच नव्हतं. तिचं तिलाच होतं.

बेल कोपऱ्यावरच्या पिंपळाखालच्या पिंडीवर वाहिला. महादेव तोच म्हणा. पण मी तोच नव्हतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जरा मोकळं होईल.

हेमेंद्र, शरयूचा धाकटा भाऊ, हॉलंडला असतो. मे महिन्यात इथे आला होता. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं बेट आहे, हॉलंडवाल्यांचंच. डिसेंबरात तो तिथे जाणार. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरतात, ते स्कूबा. तो दोन वेळा जाऊन आलाय. जेवताना म्हणाला, "ताई, जिजाजी, दोघंही चला. पहिले चार दिवस तिथेच शिकवतात. सगळं माझ्याकडे."

मी म्हटलं, "छे छे! दुकान कोण बघणार? देवपूजा आहे. तुम्ही जा."

आता यात काय चुकलं? आमच्या गावी पंक्तीत पहिल्या वाढीला कोणी हो म्हणत नाही. ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं तो बाजूला सारायचा, पुन्हा नको म्हणायचं, मग घ्यायचं. पहिल्यांदाच हो म्हणेल तो हावरट. मी हात आडवा धरला. हेमेंद्र म्हणाला, "ओके जिजाजी, नो प्रॉब्लेम," आणि त्यानं वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

संपलं! एवढंच!

शरयूनं माझ्याकडे पाहिलं. "मग मी जाऊ?"

"जा की," मी म्हटलं. तेही रीतीचंच होतं. तिनं दुसऱ्या दिवशी पोहण्याचा पोशाख आणला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शरयू आज दहा मिनिटं पाय न टेकता तरंगली. मला सांगितलं नाही. आमच्या लेकीला, यशश्रीला, फोनवर सांगत होती ते ऐकलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पाण्याखाली घालायचा मोठा चष्मा घेऊन ती दुकानात आली. नाकासकट झाकणारा, रबरी काठाचा. तिचा नंबर उणे चार. "समरजीत म्हणतो, दिल्लीहून नंबरचा मागवता येतो."

"चष्म्याचं दुकान घरचं असताना दिल्ली?" मी तो हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

दुपारभर दुसरं काम केलं नाही. दोन काचा त्याच्या आकाराला घासल्या, पुन्हा पुन्हा लावून बघितल्या, आतून चिकटवल्या. पाण्यात वस्तू मोठी दिसते आणि आहे त्यापेक्षा जवळ दिसते. हे मला धंद्यामुळे माहीत. बघून माहीत नाही.

आमच्या गावच्या शाळेमागेच इकडची छोटी सिंध नदी. पाटी धुवायला नदीवर, पोहायलाही नदीवर. आठ वर्षांचा असल्यापासून बुड्या मारतोय. डोळे उघडे ठेवून खाली जायचो. पण नदी गढूळ. स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. पाण्यात वाढलो आणि पाण्यात काही पाहिलं नाही. आणि ही? एप्रिलपर्यंत बादलीतल्या पाण्यात तोंड घालायला घाबरायची. ती आता तळाचे मासे बघणार, आणि बघणार माझ्याच काचांतून!

काचा उत्तम बसल्यात. तेवढं तरी खोटं केलं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. हेमेंद्रचा व्हिडिओ कॉल. तो बेटाचे फोटो दाखवत होता. तिथे रस्त्याच्या कडेनं पिवळे रंगवलेले दगड ठेवलेले असतात. दगड दिसला की तिथून समुद्रात उतरायचं. प्रत्येक दगडावर त्या जागेचं नाव.

क्षणभर वाटलं, आमच्या खंडोबाचा भंडारा उधळलाय त्या दगडांवर. इतकी हळद! सातासमुद्रापार! मी पुढे वाकलो. तेवढ्यात शरयूनं फोन स्वतःकडे वळवला, "अरे, आणि ते गाढवांचे फोटो दाखव ना, ती मोकळी फिरतात ती!"

मी उठून देवघरात गेलो. आरती म्हणताना दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मी आवाज चढवला. देवासाठी नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

यशश्रीचा इंदूरहून फोन. "बाबा, आई तर एकदम हीरोइन झालीय! आणि तुम्ही असे चुप-चुप का? जलन हो रही है क्या?"

हसून म्हटलं, "कसली जळन? बाळाचं दूध पिऊन झालं का ते सांग."

पोरीला लगेच कळलं. लेकरं आपल्याला किती वाचतात!

सोमवार, २७ ऑक्टोबर

मागच्या वर्षी यशश्रीच्या बाळंतपणात अडचण आली होती. इंदूरच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून मी खंडोबाला बोललो होतो. दोघंही सुखरूप येऊ देत, मार्गशीर्षात घरी होम करीन, तळी भरीन, नातेवाइकांना पुरणाचं जेवण. नवरा-बायकोनं जोडीनं बसायचं कार्य. बाळ आता वर्षाचं झालं. नवस अजून फिटायचाय.

दुपारी दाना ओली मोहल्ल्यात तात्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, "दोन रविवार आहेत बघा. तीस नोव्हेंबर, नाहीतर सात डिसेंबर. दोन्ही चांगले. सोयीचा तो धरा."

शरयूचं विमान तीन डिसेंबरला. परत चौदाला.

गुरुजींना म्हटलं, "घरी विचारून कळवतो."

परतीच्या सवारी टेम्पोत बसल्यावर एक विचार आला. लिहीत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

लिहितोच. करून झालंय.

शरयू मेथी निवडत होती. मी म्हटलं, "नवसाचं गुरुजींना विचारलं. सात तारीख म्हणाले."

तिचा हात थांबला. "सातच?"

"सातच."

"त्याच्या आधी काही?"

"नाही. मार्गशीर्षात तेवढाच योग आहे म्हणाले."

मी हे तिच्याकडे बघून बोलू शकलो. डोळ्यांचा धंदा आहे माझा. समोरच्याच्या डोळ्यांत बघताना आपले हलू द्यायचे नसतात, ही सवय!

"बरं," ती म्हणाली. पुन्हा मेथी. एवढंच. "बरं."

मी सायंपूजेला बसलो. खंडोबाचा टाक पुसला, हळद वाहिली. त्याच्याच खांद्यावर माझ्या खोट्याचा दगड ठेवला होता. तो काही बोलला नाही. तोही "बरं" म्हणाला असेल.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शरयूनं हेमेंद्रला कळवलं. यशश्रीचा फोन, "बाबा, प्लीज, गुरुजींना दुसरा दिवस पूछो ना! माझ्यासाठी बोललेला नवस आणि आईची ट्रिप गेली? मीच त्यांच्याशी बात करते."

"देवाच्या कामात घासाघीस नको," मी म्हटलं. असं बोलायला मला लाज कशी वाटली नाही?

शनिवार, ८ नोव्हेंबर

वाटलं होतं, आता मन शांत होईल. झालंही, चार दिवस. झोप लागली. दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा मारल्या. संध्याकाळी तिळाची गजक नेली घरी, शरयूला आवडते म्हणून. विजयी माणूस उदार होतो!

आणि आज सकाळी ती पिशवी घेऊन पोहायला निघाली.

"आता कशाला?" तोंडातून निघून गेलंच.

"आवडतं म्हणून," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

म्हणजे बेट काढून घेतलं तरी पाणी उरलंच! त्याचं काय करू मी?

रविवार, १६ नोव्हेंबर

इंदुताई आली होती, माझी मोठी बहीण, दाना ओलीतली. होमाच्या जेवणाचं ठरवायला. बसल्या बसल्या म्हणाली, "एका परीनं बरं झालं गं शरयू, देवानंच थांबवलं तुला. या वयात पाण्यात उड्या कसल्या! पडलीबिडली असतीस म्हणजे?"

"पाण्यात पडतच नाही हो इंदुताई," शरयू चहा ओतत म्हणाली, "आधीच पाण्यात असतो."

"वात्रट!" इंदुताई हसली. "पण देवानं अडवलं ते खरं की नाही?"

"हो ना. देवानंच." कप माझ्यापुढे ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं. साखर घातलेली नव्हती. मागितली नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

माळ घेऊन बसतो. एकशे आठ होतात आणि एकही झालेला नसतो.

समरजीत तिला ओरडून सांगत होता ते आठवत राहतं. त्या स्कूबाचा पहिला नियम तोच आहे म्हणे, श्वास कधीच रोखायचा नाही. मला गावच्या पंतोजींनी प्राणायाम शिकवला, तो कुंभकापाशीच. श्वास कोंडून धर, मन थांबेल. इतकी वर्षं कोंडतोय. मन थांबलं नाही, नुसती कोंडायची सवय लागली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, भाकरी, नैवेद्य. टाकाकडे बघवलं नाही. डोळे मिटून तळी उचलली, लोकांना वाटलं भक्ती.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज गुरुजींनी दिलेला पहिला रविवार. सकाळपासून घड्याळाकडे बघत होतो. एकदा हा दिवस मावळला की खोट्याचं खरं होणार होतं.

दुपारी बाहेरून आलो तर शरयू न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून देवघरासमोर रांगोळी काढत होती. मोठी. कार्याला काढतात तशी.

"आज काय आहे?"

"काही नाही. चांगला दिवस आहे ना आज."

"कोण म्हणालं?"

"तात्या गुरुजी." ती बोटानं रेघ ओढत होती, वर बघत नव्हती. "तुमचा फोन लागत नव्हता म्हणून मला केला होता. तुम्ही सात सांगितलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, वहिनी, तीस की सात ते पक्कं करा, मला दुसरीकडचंही बघायचंय. मी म्हटलं, हेच सांगतील."

म्हणजे चार आठवडे! चार आठवडे तिला माहीत होतं. गजक खाल्ली, चहा दिला, इंदुताईपुढे "देवानंच" म्हणाली. आणि वाट बघत होती, मी काय करतो याची. मी काही केलं नाही.

तिनं रांगोळीचा डबा बंद केला आणि आत गेली. भांडण नाही. भांडली असती तर!

सोमवार, १ डिसेंबर

दुकान उघडलं नाही. ती स्वयंपाकघरात होती. दारातच उभा राहून म्हटलं, "तारीख मी लपवली."

"माहीत आहे."

"तू जाऊ नयेस म्हणून."

"तेही माहीत आहे. का जाऊ नये, ते तुम्ही सांगा."

म्हटलं, "मलाही यायचं होतं."

ती वळली. "मग मे महिन्यात नाही का म्हणालात?"

"मला वाटलं, हेमेंद्र पुन्हा विचारेल."

ती बघतच राहिली. मग हसू फुटलं तिला. असं की ओट्याला धरून उभी राहिली, पदर डोळ्यांना लावला. "अहो, तो हॉलंडला राहतो! तिथे चहासुद्धा एकदाच विचारतात!"

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. तेवढ्यात तिनं पदर खाली घेतला.

"आणि मी का नाही पुन्हा विचारलं, हे नाही विचारणार?"

तिनंच सांगितलं, "मला कळलं होतं तुम्हाला यायचंय ते. पण वाटलं, एकदा एकटीनं कुठेतरी जावं. तुम्ही बरोबर असलात की मी पाण्याकडे नाही, तुमच्याकडे बघत बसते. चहा मिळाला का, पूजा झाली का."

हे मात्र जळत आत गेलं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी हेमेंद्रला फोन केला. सगळं सांगितलं, काही न वगळता. तो म्हणाला, "जिजाजी, तिकीट आहे तसंच आहे. मी कॅन्सल करत होतो, ताई म्हणाली, एक डिसेंबरपर्यंत थांब."

मंगळवार, २ डिसेंबर

बॅग अर्धी भरली आणि ती पलंगावर बसून राहिली.

"मी नाही जात."

"आता काय झालं?"

"बेटावर दहा दिवस राहायचंय. इथे जन्मभर. रविवारी तुमची सगळी माणसं जमणार आणि बाई नाही! नातवाच्या नवसाचं कार्य टाकून समुद्रात पोहायला गेली म्हणतील. इंदुताई तर मरेपर्यंत म्हणतील. देवाला टाकून गेलेली बाई, हे नाव घेऊन मला या घरात राहता येणार नाही."

"मी सांगेन त्यांना."

"काय सांगाल? हेमेंद्र आजारी पडला, अचानक जावं लागलं, असंच काहीतरी ना?"

अगदी तेच योजलं होतं.

"खरं सांगाल? इंदुताईंसमोर? तुम्ही?"

लहानपणापासून मी इंदुताईपुढे मान वर केलेली नाही, हे तिला माहीत आहे. "सांगेन," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली. विश्वास नव्हता त्यात. पण उठून बॅग भरली.

बुधवार, ३ डिसेंबर

स्टेशनवर सोडून आलो. दिल्लीहून रात्रीचं विमान. गाडी हलली तशी ती खिडकीतून म्हणाली, "रात्रीच्या गोळ्या डब्याशेजारी ठेवल्यात." एकटीनं निघाली होती, तरी!

घरी आलो. सगळं होतं तसं. फक्त कुणी विचारणारं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

फोटो आला. पाण्याखालचा. चेहरा दिसत नाही, तोंडात नळी, वर मोठा चष्मा. भोवती निळं. इतकं निळं मी कुठल्या काचेत पाहिलेलं नाही. हाताची बोटं पसरलेली, जणू कुणी आधार काढून घेतलाय आणि तिला त्याची गरजच नाही.

हेवा गेला, असं लिहिणार होतो. गेलेला नाही.

उद्या होम. दुपारी इंदुताईचा फोन, "शरयू फोन का उचलत नाही रे?" म्हटलं, "उद्या भेटल्यावर बोलू." उद्या एखादं आजारपण सांगून टाकणं किती सोपं आहे! कुणाला कळणारही नाही. शरयूलासुद्धा.

रविवार, ७ डिसेंबर

मी एकटा पाटावर बसलो. तात्या गुरुजींनी बायकोच्या जागी सुपारी दिली, ती कमरेला खोचली. मागून इंदुताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय दिवस आले! बायको नाही, कुलाचार सुपारीवर! गेली कुठे सोडून?" मी पाटावरून उठलो. भरल्या घरासमोर सांगितलं, "ती बोनेरला आहे, समुद्रात. मी पाठवली. तीस तारखेलाही मुहूर्त होता. तो मी लपवला, तिला जाता येऊ नये म्हणून, देवाचं नाव पुढे करून. तिनं देवाला टाकलेलं नाही, इंदुताई. देवाला मी वापरलं." इंदुताईनं तोंड फिरवलं. गुरुजी म्हणाले, "बसा, मधुकरराव. संकल्प अजून व्हायचाय." बसलो. हातावर पाणी घेतलं.